क्यूआर कोड स्वतः बनवा, फुकटात आणि कायम चालणारा

माझ्या मावसभावाच्या लग्नाच्या चारशे पत्रिका छापून आल्या तेव्हा घरात सगळ्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर मागच्या बाजूचा क्यूआर कोड. स्कॅन केला की थेट कार्यालयाचा मॅप उघडायचा. कार्यालय कऱ्हाडच्या बाहेर, हायवे सोडून आत दोन किलोमीटर, बाहेरगावच्या पाहुण्यांना सापडणं अवघडच, त्यामुळं आयडिया एकदम बरोबर होती. पत्रिका वाटायला सुरुवात झाली, आणि लग्नाला आठ दिवस राहिलेले असताना नाशिकच्या मामांचा फोन आला, "अगं, ते चौकटीचं स्कॅन केलं तर मॅप नाही येत, पैसे भरा म्हणून काहीतरी येतंय." आम्ही घरातली पत्रिका काढून स्कॅन केली तर आमच्याकडंही तेच.

झालं असं होतं की भावाने ज्या वेबसाइटवरून कोड बनवला तिथं मोठ्या अक्षरात फ्री लिहिलेलं, पण ते फ्री म्हणजे १४ दिवसांची ट्रायल. ट्रायल संपली, कोड बंद. तोपर्यंत अडीचशे पत्रिका वाटून झालेल्या. उरलेल्या दीडशेसाठी आम्ही ए-फोर स्टिकर पेपरवर नवीन कोड छापून आणले, रात्री दीड वाजेपर्यंत सगळे कात्र्या घेऊन बसलो, एकेक चौकोन कापून जुन्या कोडवर चिकटवला, आणि वाटून झालेल्या अडीचशे घरांना व्हॉट्सॲपवर एकेक करून लोकेशन पाठवलं. मावशीचा तो दिवस फोनवर "कोड नका बघू, पाठवलंय ते बघा" सांगण्यातच गेला.

तेव्हापासून ओळखीत कोणी पत्रिका, बॅनर, कार्ड, फराळाचं लेबल काहीही छापायला टाकतंय म्हटलं की मी आधी विचारते, कोड कुठून बनवलाय. आणि मग तेच तेच सगळ्यांना फोनवर समजावण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं म्हणून हे लिहितेय.

आधी एवढं एक समजून घ्या

कोड दोन प्रकारचे असतात. एक स्टॅटिक, म्हणजे तुमची लिंक जशीच्या तशी त्या काळ्यापांढऱ्या चौकोनांमध्येच लिहिलेली असते. मध्ये कोणीही नाही. फोनचा कॅमेरा ते चौकोन वाचतो आणि लिंक उघडतो, बस्स. हा कोड बंद पडूच शकत नाही कारण बंद करायला कोणाच्या हातात काही नसतं, कागदावर हाताने पत्ता लिहून द्यावा तसं आहे ते. तुमचं मूळ पान किंवा फाइलच डिलीट झाली तर गोष्ट वेगळी.

दुसरा डायनॅमिक. यात चौकोनांमध्ये तुमची लिंक नसतेच, त्या वेबसाइटची स्वतःची एक छोटी लिंक असते, आणि ती पुढं तुमच्या लिंकवर पाठवते. म्हणजे प्रत्येक पाहुणा आधी त्यांच्या दारात जातो आणि तिथून तुमच्याकडं येतो. त्यांनी दार लावलं की पाहुणा बाहेर. डायनॅमिक वाईट असतो असं नाही, किती जणांनी स्कॅन केलं ते मोजता येतं, छापल्यावरही लिंक बदलता येते, मोठ्या दुकानाला, जाहिरातीला ते लागतंच आणि ते लोक त्याचे पैसे समजून उमजून भरतात. पण लग्नपत्रिका, घरचं वायफाय, सोसायटीची नोटीस याला कशाला पाहिजे दर महिन्याचं बिल.

ओळखायचं कसं, तर अगदी सोपं आहे. कोड बनवला की डाउनलोड करा, दुसऱ्या कोणाच्या तरी फोनने स्कॅन करा, आणि लगेच टिचकी मारून उघडू नका. कॅमेरा आधी लिंक दाखवतो, ती वाचा. तुम्ही जी लिंक टाकली होती तीच दिसतेय का? दिसत असेल तर कोड तुमचा, कायमचा. वेगळंच कुठलं तरी नाव दिसत असेल, तुम्ही कधी न ऐकलेलं, तर तो डायनॅमिक आहे, छापायला देऊ नका. ही तपासणी आम्ही तेव्हा केली असती तर पंधरा सेकंदात कळलं असतं.

आणि पैसे द्यायची गरज मुळातच का नाही तेही सांगते. हा कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने बनवला, गाड्यांच्या पार्ट्सचा हिशोब ठेवायला. साध्या बारकोडमध्ये माहिती फार थोडी मावायची, एकेका खोक्यावर कामगारांना कितीतरी बारकोड स्कॅन करत बसावं लागायचं, त्यातनं सुटका म्हणून. गो नावाच्या पटावरच्या खेळातल्या काळ्यापांढऱ्या सोंगट्या बघून त्यांना आडवी आणि उभी दोन्हीकडं माहिती भरायची कल्पना सुचली. कंपनीने पेटंट घेतलं पण ते वापरणाऱ्यांवर कधी लादायचं नाही असं ठरवलं, आणि २००० साली तो आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झाला. म्हणून आज कोणीही, कुठंही, कितीही कोड बनवू शकतो. नुसता कोड काढून द्यायचे कोणी पैसे मागत असेल तर तो कोडचे नाही, मधल्या त्या दाराचे मागतोय.

बनवायचा कसा

बहुतेकांच्या फोनमध्ये सोय आधीच असते, वेबसाइट शोधत बसायलाच नको.

क्रोममध्ये कुठलंही पान उघडा, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जा, शेअर करा, तिथं क्यूआर कोड असा पर्याय दिसेल, तो घ्या आणि डाउनलोड करा. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये पानावर रिकाम्या जागी राइट क्लिक केलं की क्रिएट क्यूआर कोड फॉर धिस पेज येतं. मधोमध एक छोटा डायनासोर येतो, त्याने काही बिघडत नाही. कॉम्प्युटरवरच्या खिडकीत कोडच्या खाली लिंकची चौकट असते, तिच्यातली लिंक पुसून तुम्हाला पाहिजे ती टाकता येते, साधा मजकूरसुद्धा चालतो, फक्त फार लांबलचक नको. मी ऐंशी टक्के कोड असेच बनवते. छान रंगीत, डिझाइनमध्ये बसवलेला पाहिजे असेल तर कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्येही क्यूआर कोडची सोय आहे, पण तिथंही स्कॅन करून लिंक वाचायची ती वाचायचीच.

पत्रिकेवरच्या मॅपसाठी थोडं जास्त सांगते कारण चूक इथंच होते. कार्यालयाचं नाव मॅपवर शोधून, शेअर करून, लिंक कॉपी केली की काम झालं असं वाटतं, पण पिन कुठं आहे ते झूम करून बघा. आमच्या कार्यालयाची पिन होती मागच्या उसात. मॅप माणसाला मागच्या पाणंदीने नेत होता आणि गेट राहिलं पलीकडच्या रस्त्याला. मग आम्ही काय केलं, सॅटेलाइट व्ह्यू लावला, गेट जिथं आहे बरोबर त्या जागेवर बोट दाबून धरलं, नवीन पिन पडली, ती शेअर केली आणि त्या लिंकचा कोड बनवला. आणि शक्य असेल तर घरातल्या कोणालातरी गाडी घेऊन त्या कोडवरून एकदा जाऊन यायला सांगा, आमचा धाकटा भाऊ गेला होता, त्याने येऊन सांगितलं की पुलाखालचा रस्ता बंद आहे, तेवढी ओळ मग पत्रिकेवर हाताने नाही पण व्हॉट्सॲपवर टाकता आली.

फोटो, पीडीएफ, देवळाच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक असलं काही द्यायचं असेल तर गूगल ड्राइव्हवर टाका, शेअरमध्ये जाऊन एनीवन विथ द लिंक करा आणि व्ह्यूअर ठेवा. हे विसरलात की स्कॅन करणाऱ्याला परवानगी मागा असं येतं आणि तुम्हाला दिवसभर परवानगीचे मेल येत राहतात. स्वतःच्या फोनवर तपासून उपयोग नाही, तुम्ही मालक आहात तुम्हाला उघडणारच. दुसऱ्याच्या फोनवर बघा.

आता सगळ्यात कामाची युक्ती. छापल्यावर माहिती बदलायची शक्यता असेल तरी डायनॅमिक घ्यायची गरज नाही. एक गूगल डॉक बनवा, त्याच्या लिंकचा स्टॅटिक कोड काढा. कोड तोच राहतो, डॉकमध्ये तुम्ही हवं तेव्हा हवं ते लिहा. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये असा एक कोड लावलाय, उघडला की प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टँकरवाला, पाणी कधी येणार, कचऱ्याची गाडी किती वाजता, सगळं एका पानावर. टँकरवाल्याचा नंबर दोनदा बदलला पण लिफ्टमधला कागद तोच आहे. पीडीएफच पाहिजे असेल तर ड्राइव्हमध्ये त्या फाइलच्या मॅनेज व्हर्जन्समध्ये जाऊन नवीन फाइल चढवा, लिंक बदलत नाही. नवीन फाइल वेगळी अपलोड केलीत तर मात्र लिंक नवीन होते आणि जुना कोड जुनीच फाइल दाखवत राहतो.

घरचं वायफाय

पाहुणे आले की "पासवर्ड काय रे" आणि मग कॅपिटल की स्मॉल, अ‍ॅट द रेट की अंडरस्कोअर. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टिचकी मारली की शेअर किंवा क्यूआर कोड दिसतो, स्क्रीनशॉट काढा, प्रिंट काढा, झालं. आयफोनवर आयओएस १८ पासून पासवर्ड्स नावाच्या ॲपमध्ये वायफायखाली तोच प्रकार आहे.

पण लक्षात ठेवा, या कोडमध्ये पासवर्ड उघडाच लिहिलेला असतो, कुलूप वगैरे काही नसतं, ज्याच्याकडं कोडचा फोटो त्याच्याकडं पासवर्ड. म्हणून दारासमोरच्या भिंतीवर किंवा खिडकीतून दिसेल असा लावू नका. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर ते चालू करून त्याचाच कोड लावा. आमचा किचनच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. पासवर्ड बदलला की कोडही नवीन काढायचा, आणि हो, स्क्रीनशॉटमध्ये खाली पासवर्ड अक्षरांत पण दिसतो, प्रिंट काढताना तो कापायचा का ठेवायचा तुम्ही ठरवा, मी ठेवलाय कारण आईच्या मैत्रिणींपैकी एकीच्या फोनवर स्कॅन होत नाही.

व्हॉट्सॲप आणि धंदा

घरून फराळ, पापड, साड्या, क्लासेस करणाऱ्यांना हा कोड फारच उपयोगी. नंबर सेव्ह करा, मग चॅट उघडा, मग मेसेज लिहा यात निम्मी गिऱ्हाईकं गळतात. लिंक अशी बनते: डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, मग ९१ आणि त्याला लागूनच तुमचा दहा आकडी नंबर. मध्ये प्लस नाही, शून्य नाही, स्पेस नाही. याचा कोड काढून डब्यावर लावला की स्कॅन केल्यावर थेट तुमचं चॅट उघडतं. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर त्यांच्या टूल्समध्ये शॉर्ट लिंकचा कोड तयारच मिळतो आणि "मला चकलीची ऑर्डर द्यायची आहे" असा मेसेजही आधीच लिहून ठेवता येतो.

ग्रुपच्या कोडचं मात्र जपून. ग्रुप इन्फोमध्ये इन्व्हाइट लिंकचा कोड मिळतो, पण तो सोसायटीच्या गेटवर लावला तर येणारा जाणारा कोणीही आत येतो आणि सगळ्यांचे नंबर बघतो. लावायचाच असेल तर ग्रुप सेटिंगमध्ये नवीन मेंबरला ॲडमिनने अप्रूव्ह करायचं ते चालू करा. कोड नको त्या हातात गेला असं वाटलं तर रीसेट लिंक दाबा, जुना कोड तिथल्या तिथं मेला.

छापताना

प्रेसवाल्याशी बोलताना या गोष्टी ठामपणे सांगा, तेही बिचारे घाईत असतात.

साइजचा हिशोब दहास एक. जेवढ्या अंतरावरून स्कॅन होणार त्याचा दहावा भाग कोडची रुंदी. पत्रिका, कार्ड हातात धरून बघतात तर दोन-अडीच सेंटीमीटर पुरे. नोटीस बोर्डवर एक मीटरवरून बघणार तर दहा सेंटीमीटर. मांडवातला फ्लेक्स तीन मीटरवरून तर तीस सेंटीमीटर, एक फूटच म्हणा ना. आणि फ्लेक्सवर कोड खाली कोपऱ्यात टाकतात, पुढं खुर्च्या लागल्या की दिसतच नाही, छातीच्या उंचीला ठेवायला सांगा.

रंग: गडद कोड, फिकट पार्श्वभूमी. उलटं नको. मरून पत्रिकेवर सोनेरी फॉइलमध्ये कोड दिसायला फार सुंदर दिसतो पण फॉइल लाइटमध्ये चमकतं आणि कॅमेऱ्याला काळं कुठलं पांढरं कुठलं कळत नाही. चमकणारं लॅमिनेशन पण ट्यूबलाइटखाली तसंच त्रास देतं, मॅट घ्या. कोडच्या चारही बाजूंनी पांढरी कोरी पट्टी पाहिजे, कोडमधल्या सगळ्यात छोट्या चौकोनाच्या चौपट रुंदीची, ती डिझायनर लोक हमखास कापतात कारण त्यांना ती वाया गेलेली जागा वाटते. ती वाया गेलेली नाही, कोड कुठं सुरू होतो ते कॅमेऱ्याला तिच्यामुळंच कळतं. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना पण अजिबात हात लावायचा नाही, त्यांच्यावरूनच फोनला कोड सरळ आहे का तिरका ते समजतं.

मधोमध गणपती पाहिजे असतो सगळ्यांना. बसतो, चालतं. कोडमध्ये थोडा भाग झाकला किंवा फाटला तरी उरलेल्यावरून भरून काढायची सोय असते, तिच्या चार पायऱ्या आहेत, एल म्हणजे साधारण ७ टक्के, एम १५, क्यू २५ आणि एच ३०. गणपती टाकायचा तर एच निवडा आणि चित्र छोटं ठेवा, एच आहे म्हणून तीस टक्के झाकायचं नाही कारण पुढं छपाईत, घडीत, हळदीच्या बोटांत पण थोडं जाणारच असतं.

प्रेसला फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान करतो आणि चौकोनांच्या कडा पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एसव्हीजी किंवा पीडीएफ मिळाली तर उत्तम नाहीतर मोठी पीएनजी. कोरल म्हणजे प्रेसवाल्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, त्यात जागेत बसवायला कोड एका बाजूने ताणलेला नाही ना बघा. आणि चारशे छापायच्या आधी एक प्रूफ कागदावर घ्या, स्क्रीनवर नाही, कागदावर, आणि तीन वेगवेगळ्या फोनने स्कॅन करा, त्यात एक घरातला सगळ्यात जुना फोन.

कोडच्या खाली एक ओळ मराठीत लिहाच, हा उघडल्यावर काय दिसणार ती. "कार्यालयाचा नकाशा", "हळदीचे फोटो इथे टाका", "ऑर्डरसाठी". नुसता चौकोन बघून निम्मे लोक पैसे द्यायचा कोड समजतात, आमच्याकडं एका आजोबांनी आहेर पाठवायचा म्हणून मॅपचा कोड पेमेंट ॲपने तीनदा स्कॅन केला.

मराठी मजकूर टाकायचा असेल तर

लिंक न देता कोडमध्येच मजकूर ठेवता येतो, नेट नसताना पण वाचता येतो म्हणून गडावर, शेतात, झाडांच्या पाट्यांवर हे कामाचं आहे. पण मराठी अक्षरं जागा खूप खातात. जागा बाइटमध्ये मोजतात, इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, पाय मोडणं हे सगळं वेगळं मोजलं जातं. नुसता "स्वागत" शब्द घ्या, स, हलन्त, व, काना, ग, त, सहा चिन्हं म्हणजे १८ बाइट. सगळ्यात मोठ्या कोडमध्ये २९५३ बाइट मावतात, म्हणजे मराठी हजार चिन्हंसुद्धा नाहीत, आणि तो मोठा कोड म्हणजे १७७ बाय १७७ चौकोनांची जाळी, साध्या छपाईत ती वाचली जात नाही. सगळ्यात छोटा २१ बाय २१ चा असतो. म्हणून मराठीत दोन-तीन छोट्या ओळींपेक्षा जास्त असेल तर मजकूर डॉकमध्ये ठेवा आणि लिंकचा कोड द्या.

लिंकमध्ये मराठी असलं तरी तीच गत. विकिपीडियावरचं "महाराष्ट्र" पान घेतलं तर त्या दहा चिन्हांची कॉपी केल्यावर ९० अक्षरं होतात, ती टक्क्याच्या खुणांची लांब माळ दिसते ना तीच. कोड भरगच्च होतो. अशा वेळी मोठा छापा.

स्कॅन करता न येणाऱ्यांसाठी

आयफोनच्या कॅमेऱ्यात २०१७ पासून, आयओएस ११ पासून स्कॅनिंग आहे, अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्यानेच होतं किंवा गूगल लेन्सने. वेगळं स्कॅनर ॲप डाउनलोड करायला कोणालाही सांगू नका, जाहिरातींनी फोन भरतो.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न वेगळाच आहे: पत्रिका व्हॉट्सॲपवरच आली, कोड माझ्याच फोनमध्ये आहे, मग स्कॅन कशाने करू? लोक खरंच बायकोचा फोन घेऊन आपल्या फोनचा स्क्रीन स्कॅन करतात. गरज नाही. फोटो सेव्ह करा, गूगल फोटोजमध्ये उघडा, खाली लेन्सचं चिन्ह दाबा. आयफोनवर फोटोतल्या कोडवर बोट दाबून धरा. आणि व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवताना तुम्हीच खाली लिंक पण टाका, तिथं कोडची गरजच काय.

पैशांचा कोड, हे नीट वाचा

पैसे घ्यायला कधीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून गेले. "सोफा घेतो, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असं कोणी म्हणालं की बोलणं तिथंच थांबवा. आईवडिलांना हे एक वाक्य पाठ करून घ्या, बाकी काही नाही कळलं तरी चालेल. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

दुकानाचा कोड बाहेर टांगलेला असेल तर त्याच्यावर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवून जाणारे असतात. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींना मी सवय लावलीय, सकाळी गाडी लावली की कोडवरून नख फिरवायचं, वर कडा लागते का बघायची, आणि पहिल्या गिऱ्हाईकाला विचारायचं नाव कोणाचं आलं. गिऱ्हाईक म्हणून आपणही पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचावं. गणपतीच्या वर्गणीसाठी खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कोड फ्लेक्सवर टाकतात, माझं स्पष्ट मत आहे की मंडळाच्या खात्याचाच टाकावा, हिशोबाला सोपं आणि त्या माणसालाही नंतर कोणी बोलत नाही.

अजून एक, व्हॉट्सॲपमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून कोणाचाही पाठवलेला कोड स्कॅन करू नका, तसं केलं की तुमचं अख्खं व्हॉट्सॲप त्याच्या कॉम्प्युटरवर उघडतं. आणि आधार कार्डावरच्या कोडमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो असतो, आधारचा फोटो ग्रुपवर टाकताना लोक नंबर झाकतात आणि कोड उघडा ठेवतात.

दुसऱ्यांचे कोडही वापरा. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० औषधांच्या ब्रँडवर कोड सक्तीचा आहे, बॅच आणि एक्स्पायरी बघता येते. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, त्याच तारखेपासून बिल्डरच्या जाहिरातीत कोड सक्तीचा केलाय, फ्लॅट बघायला जायच्या आधी स्कॅन करून प्रोजेक्टची नोंदणी वाचा. पोरांच्या बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ कोड असतात, दीक्षा या सरकारी शिक्षणाच्या ॲपने उघडतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तो याच कामासाठी, पुस्तकात कोड टाकून पोरांना घरी धडा ऐकता यावा म्हणून. अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टमध्ये वाटली.

गुरुजींचं ते ऐकूनच आमच्याकडं एक गोष्ट सुरू झाली. आजी गोड्या मसाल्याची कृती सांगताना मी फोनवर रेकॉर्ड केली, सव्वानऊ मिनिटं, मध्ये कुकरच्या शिट्ट्या पण आहेत. ती ड्राइव्हवर टाकली, कोड काढला आणि मसाल्याच्या बरणीवर चिकटवला, वर सेलोटेप लावली म्हणजे तेलकट हात लागून खराब होत नाही. धणे किती भाजायचे ते आता कोणी विचारायला येत नाही, बरणी उचलतात आणि ऐकतात.

यात एक काळजी मात्र घ्या. कोड कायमचा असला तरी फाइल कोणाच्या तरी अकाउंटवर असते, आणि गूगलचं अकाउंट दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर ते त्यातल्या सगळ्यासकट डिलीट होऊ शकतं. म्हणून असल्या गोष्टी आजीच्या नावाने वेगळं अकाउंट काढून त्यात ठेवू नका, जे रोज वापरात आहे त्यात ठेवा, आणि एक कॉपी घरातल्या दुसऱ्या कोणाकडं. दुसऱ्या अकाउंटवरच्या कॉपीची लिंक वेगळी असते, म्हणून आमच्या बरणीवर दोन कोड आहेत, डावीकडचा माझ्या अकाउंटचा, उजवीकडचा बहिणीच्या.